स्विंडनला गेलात तर इंगलशमची इगर्ज बघून या

आमची पेडण्याची चिरेखाण (चिरा म्हणजे जांभा दगड) पावसाळ्यात बंद असते. जूनमध्ये खड्ड्यात पाणी भरायला लागलं की चिरे कापायचं मशीन वर काढून ताडपत्रीखाली ठेवायचं, ते दसरा होईपर्यंत. त्यामुळे कुठे जायचं झालं तर मला जुलैच सापडतो. गेल्या जुलैत तीन आठवडे मी इंग्लंडात, स्विंडनला धाकट्या बहिणीकडे होतो. स्विंडन म्हणजे काय हे गोंयकाराला सांगायला नको. पोर्तुगीज पासपोर्ट काढून गेलेले आपले इतके लोक तिथे आहेत की बसमध्ये बसलं तरी कोंकणी कानावर पडते. पण तिथे राहून आलेल्या एकाच्याही तोंडून मी इंगलशमच्या इगर्जीचं, म्हणजे चर्चचं, नाव ऐकलं नव्हतं, म्हणून हा अभिप्राय जरा सविस्तर लिहितो आहे. घरात आम्ही कोंकणी बोलतो, पण लिहायची सवय मराठीची.

आधी माझी नजर कुठली ते सांगितलेलं बरं. मी इतिहास शिकलेलो नाही. आजोबा हातानं चिरे काढायचे, बाबांनी खाण घेतली, मी ती चालवतो आणि जोडीला जुन्या घरांची डागडुजीची कामं घेतो. कुठल्याही इमारतीसमोर उभा राहिलो की आधी दगड बघतो, मग सांधा, मग पाणी कुठून उतरतं ते.

निघण्यापूर्वी मांद्र्याला एक काम चालू केलं होतं. शंभरेक वर्षांचं कौलारू घर, मालक नवा. त्याला भिंतींवरचा सगळा गिलावा खरवडून आतला चिरा उघडा करून हवा होता. हल्ली किनारपट्टीवर ही मागणी फार आहे. लालसर चिरा, वर पारदर्शक कोटिंग, रात्री खालून दिवे. फोटोत छान दिसतं. मी माणसं लावली आणि दोन भिंती सोलून झाल्या. बाबांनी एक दिवस येऊन बघितलं आणि एवढंच म्हणाले, "चिऱ्याचं कातडं काढतोस तू." पुढे काही बोलले नाहीत. मी विमानात बसलो तेव्हा उरलेल्या दोन भिंती परत आल्यावर करायच्या ठरल्या होत्या.

इंगलशमला जायला स्विंडनहून लेचलेडची बस आहे. लेचलेड लहान, देखणं गाव आहे. तिथून थेम्सच्या काठाकाठानं साधारण मैलभर चालत जायचं. लंडनची ती थेम्स इथे इतकी अरुंद आहे की आमच्या शापोऱ्याच्या नदीपुढे वहाळच वाटावी. बहीण, अकरा वर्षांचा भाचा आणि मी असे तिघे गेलो. कुरणात गुरं चरत होती. इगर्जीच्या आसपास जमीन उगीच वरखाली झाल्यासारखी दिसते. मध्ययुगात इथे मोठी वस्ती होती, ती उठून गेली आणि घरांच्या जागी हे उंचवटे राहिले. मला लगेच ओल्ड गोवा आठवलं. तिथेही रोगराईनं शहर रिकामं झालं, १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीला गेला, आणि माडांच्या मध्ये इगर्जी तेवढ्या उभ्या राहिल्या.

ही इगर्ज संत जॉन बाप्तिस्ताची, म्हणजे आपल्याकडे सांजांवला ज्याच्या नावानं विहिरीत उड्या मारतात त्या सांज्वांवची. आकार अगदी लहान. उंच मनोरा नाही. पश्चिमेच्या त्रिकोणी भिंतीच्या माथ्यावर एक छोटी कमानदार चौकट आहे आणि तिच्यात दोन घंटा. कोणी बोट करून दाखवलं नाही तर धान्याचं कोठार समजून पुढे जाल. मुख्य बांधकाम तेराव्या शतकाचं, म्हणजे पोर्तुगीज गोव्यात आले त्याच्याही तीनशे वर्षं आधीचं.

दगड तिथल्या टेकड्यांतला चुनखडीचा, ज्याला कॉट्सवोल्डचा दगड म्हणतात. फिकट मधासारखा रंग. जवळून पाहिलं तर माशाच्या गाबोळीसारखे बारीक बारीक दाणे दिसतात. हा दगड खाणीतून निघतो तेव्हा ओला आणि मऊ असतो, कापायला सोपा. उघड्यावर राहिला की आतला ओलावा बाहेर येतो आणि वरचा पापुद्रा कडक होतो. हे कळल्यावर मी तिथेच भिंतीशी थांबलो, कारण आमच्या चिऱ्याचं अगदी हेच आहे. जमिनीत असतो तेव्हा कोयत्यानंही तासता येतो, वर काढून हवा लागली की दगड होतो. फ्रान्सिस बुकानन नावाच्या साहेबानं १८०० च्या सुमारास मलबारात लोकांना तो विटांसारखा कापताना पाहिलं आणि १८०७ च्या पुस्तकात विटेच्या लॅटिन नावावरून त्याचं लॅटेराइट केलं. दोन्ही दगड एका स्वभावाचे, पण पाऊस एका स्वभावाचा नाही. तिकडे वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पडतो, तोही भुरभुर. आपल्याकडे तीन हजारांच्या घरात, आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत, वाऱ्याबरोबर आडवा.

छपराबद्दल एक सांगायलाच हवं. त्या भागात कौलांच्या जागी दगडाच्याच पातळ फरश्या घालतात. खाली वळचणीला मोठ्या आणि वर आढ्याकडे जाताना लहान लहान होत जाणाऱ्या. ऑक्सफर्डशायरात स्टोन्सफील्ड म्हणून गाव आहे, तिथे दगडाचे ठोकळे ओले ठेवून थंडीत उघड्यावर टाकायचे. आतलं पाणी गोठून फुगलं की ठोकळा आपणहून पदरापदरानं सुटायचा. खाणीच्या धंद्यात हयात गेलेल्या माणसालाही ही युक्ती नवी होती. घरी फोनवर बाबांना सांगितली तर त्यांनी दोनदा विचारून घेतली.

आता आत. दार ढकललं की पहिली लागते ती थंडी, जुलैतसुद्धा. मग लाकडाचा वास. जमिनीच्या फरश्या वरखाली झालेल्या आहेत. बसायला उघडे बाक नाहीत. एकेका कुटुंबासाठी दार असलेले, कमरेएवढ्या उंचीचे लाकडी कप्पे आहेत. सतराव्या-अठराव्या शतकात असे करायचे. आपल्या कप्प्यात शिरायचं आणि दार लावून घ्यायचं. भाच्यानं तीन-चार कप्प्यांत बसून पाहिलं. आल्ताराच्या, म्हणजे वेदीच्या, बाजूला त्याहून जुने, मध्ययुगातले जाळीदार लाकडी पडदे आहेत.

पण ही इगर्ज बघायला जायचं ते भिंतींसाठी. भिंतींवर गिलावा आहे, गिलाव्यावर रंग, रंगावर चुना, चुन्यावर अक्षरं, अक्षरांवर परत चुना, त्यावर परत अक्षरं. तेराव्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंतचे हे थर आहेत, काही ठिकाणी सात सात. एका जागी वरचा पोपडा पडलाय तिथे खालच्या अक्षराचा अर्धा भाग, त्याच्याही खालून लाल मातीच्या रंगाची एखादी रेघ. कोणतं चित्र कशाचं हे पुष्कळदा कळतच नाही. मी अर्धा तास एकाच कोपऱ्यात होतो. सारवलेल्या जमिनीचा कोपरा उकरला की थरावर थर दिसतात ना, आईनं घातलेला, आजीनं घातलेला, तसं.

हे असं का झालं त्याची हकीकत अशी. मध्ययुगात इंग्लंडच्या गावोगावच्या इगर्जी आतून रंगीत होत्या. प्रार्थना लॅटिनमध्ये, लोकांना वाचता येत नव्हतं, तेव्हा संतांच्या गोष्टी आणि शेवटचा न्यायनिवाडा भिंतीवरच काढलेला असायचा. सोळाव्या शतकात राजा पोपपासून फुटला. सहावा एडवर्ड गादीवर होता त्या १५४७ ते १५५३ या काळात चित्रं चुन्यानं बुजवायचे हुकूम निघाले, आणि त्या पांढऱ्या भिंतींवर इंग्रजीत दहा आज्ञा, प्रार्थना, बायबलातली वचनं लिहिली गेली. त्यासाठी काढलेल्या चुन्यानंच खालची चित्रं जपली. पुढे दर पिढीनं वचनं पुसट झाली की वर नवा हात मारला.

आणखी एक गोष्ट वाचली आणि मला फार नवल वाटलं. मध्ययुगातल्या पुष्कळ इंग्लिश इगर्जींत गिलावा करून, चुना काढून, त्यावर लाल रेघांनी दगडांचे सांधे रंगवत. आत खरा ओबडधोबड दगड, वर गिलावा आणि गिलाव्यावर पुन्हा घडीव दगडाचं चित्र! उघडा दगड म्हणजे जुनं आणि अस्सल, हे त्या काळच्या गवंड्याच्या डोक्यातच नव्हतं. त्याच्या लेखी उघडी भिंत म्हणजे अर्धवट टाकलेलं काम.

मग दगड उघडे कोणी केले? तर एकोणिसाव्या शतकातल्या सुधारकांनी. त्यांना इगर्जी 'खऱ्या मध्ययुगीन' करायच्या होत्या. त्या नादात देशभर गिलावे खरवडले गेले, जुने बाक फेकले गेले, शतकांचे थर कचऱ्यात गेले. याविरुद्ध जो माणूस उभा राहिला त्याचं नाव विल्यम मॉरिस. कवी होता आणि कापडावरच्या, भिंतीच्या कागदावरच्या वेलबुट्टीसाठी आजही ओळखला जातो. १८७१ पासून इथून जवळच केल्मस्कॉटला त्यानं घर भाड्यानं घेतलं होतं आणि तिथल्याच इगर्जीच्या आवारात त्याला पुरलंय. १८७७ मध्ये त्यानं जुन्या इमारती जपण्यासाठी एक संस्था काढली. तिच्या जाहीरनाम्याचा रोख साधा आहे: रोजची निगा राखा, कललेल्या भिंतीला टेकू द्या, गळकं छप्पर दुरुस्त करा, आणि नव्यानं जुनं करायला जाऊ नका. त्या संस्थेला टोपणनाव पडलं 'अँटी-स्क्रेप'.

हे सगळं भाचा मला माहितीपत्रकातून वाचून दाखवत होता. त्या शब्दाशी तो थांबला. "मामा, स्क्रेप म्हणजे खरवडणं ना? मांद्र्याच्या घराला तू करतोस ते?"

मी हो म्हटलं. बहीण काही बोलली नाही, पण तिलाही बाबांचं वाक्य माहीत होतं.

इंगलशमची डागडुजी १८८८-८९ मध्ये झाली ती मॉरिसच्या खटपटीनं आणि त्याच्या मदतीनं. त्याचा या इगर्जीवर जीव होता, असं आतल्या पाटीवर लिहिलंय. मी कामाच्या नजरेनं सांगतो, ही डागडुजी शोधावी लागते आणि तिचं मोठेपण त्यातच आहे. बाक होते तिथेच आहेत, गिलावा होता तिथेच, फरशी वाकडी ती वाकडीच. मी स्वतः पंचवीस वर्षं ही कामं घेतोय. गिऱ्हाइकाला पैसे दिल्याचं दिसायला हवं असतं, म्हणून आम्ही जरूर नसलेलं पुष्कळ बदलतो. इथे ज्यानं काम केलं त्यानं आपलं काम लपवलं.

दक्षिणेकडच्या भिंतीत एक कोरीव दगड बसवलाय तो चुकवू नका. सॅक्सन काळातला, म्हणजे इगर्जीच्याही आधीचा. आई मांडीवर मूल घेऊन बसलीय आणि वरून देवाचा हात खाली आलाय. नाक-डोळे झिजून गेलेत, पण मुलाकडे वाकलेली तिची मान शाबूत आहे. बहिणीनं "सायबीण", म्हणजे मेरी माता, म्हटलं आणि हात जोडले. आमच्या घरातून दरवर्षी म्हापशाच्या मिलाग्रेस सायबिणीला तेल जातं. ती शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात, तेव्हा आमचीही कोणीतरी लागतेच.

आता उणीवा. कोणता थर कोणत्या काळाचा हे भिंतीशी उभं राहून कळत नाही. एखादा साधा नकाशा लावला तर माझ्यासारख्याला फार मदत होईल. दगड नेमका कुठल्या खाणीतला हे मला कुठेच वाचायला मिळालं नाही. चहा, टॉयलेट वगैरे आम्हाला तिथे दिसलं नाही. लेचलेडलाच सगळं आटोपून निघा. वयस्कर माणसांनी फरशीवर जपून चालावं. स्वेटर न्या. प्रवेशाला पैसे नाहीत. आता तिथे नेहमीची प्रार्थना होत नाही, चर्चेस कन्झर्वेशन ट्रस्ट ही संस्था तिची देखभाल करते, तेव्हा पेटीत काहीतरी टाकून या. दीडेक तास पुरतो. मला अडीच लागले आणि भाच्याला भूक लागली म्हणून निघालो. पाचपैकी पाच, आणि पुढच्या खेपेला बाबांना नेणार.

परत आल्यावर बाबांना घेऊन ओल्ड गोव्याला गेलो. ऑगस्टचा शेवट, पाऊस थोडा उघडलेला. बॉम जेझूची इगर्ज १५९४ मध्ये सुरू झाली आणि १६०५ मध्ये पुरी झाली. तिच्या दर्शनी भागातली नक्षी वसईहून आणलेल्या दगडात आणि बाकी भिंती चिऱ्याच्या. साडेतीनशे वर्षं तिच्या अंगावर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात पोर्तुगीज राजवटीतच तो काढला गेला, दगड उघडा दिसला की इमारत अधिक पुरातन वाटते या समजातून. आज पर्यटकांना वाटतं ती अशीच लाल बांधली. मलाही शाळेच्या सहलीपासून तसंच वाटत होतं, चिऱ्याच्या घरात जन्मून.

बाबा बाजूच्या भिंतीशी गेले आणि बोट न लावता नुसतं वाकून बघत राहिले. चिऱ्यात लोखंडाचा कडक सांगाडा असतो आणि त्याच्या पोकळ्यांत मऊ माती. वर गिलावा असेल तोवर ती माती जागेवर राहते. गिलावा गेला की दर पावसात थोडी थोडी धुऊन जाते आणि मागे भोकं उरतात. एका भोकात शेवाळ होतं, दुसऱ्यात कसलं तरी रोपटं उगवलेलं. भिंतीच्या पायथ्याला लाल गाळाची रेघ होती. "ही भिंत वाहतेय," बाबा म्हणाले. परत गिलावा करा अशी मागणी अधूनमधून होते, आणि लाल बॉम जेझूच लोकांच्या डोळ्यांत बसलीय म्हणून तिला विरोधही होतो. मी मागणी करणाऱ्यांच्या बाजूचा आहे. फोटो बदलतील, पण भिंत राहील.

तिथून वर टेकडीवर रोझरी सायबिणीच्या इगर्जीला गेलो. ती सोळाव्या शतकाच्या मधली, म्हणजे बॉम जेझूच्या आधीची. जहाजाच्या दोरखंडासारखे वळसे तिच्या बाहेरच्या अंगावर फिरवलेत आणि गोल बुरूज किल्ल्यासारखे आहेत. पांढरी आहे. गिलावा जागोजाग काळा पडलाय, पण आहे. तिथे बाबांनी तळहात पूर्ण भिंतीला टेकवला.

मांद्र्याच्या मालकाला मी सगळं समजावून सांगितलं, फोटो दाखवले. उरलेल्या दोन भिंती खरवडायच्या नाहीत हे त्यानं मान्य केलं. सोललेल्यांपैकी पश्चिमेची, जिच्यावर पावसाचा मारा येतो, ती परत गिलावायची. सिमेंटचा गिलावा नको, तो आतली ओल कोंडतो आणि दोन वर्षांत चिऱ्याचा पापुद्रा घेऊन सुटतो. शिंपल्यांचा चुना मिळवायला पंधरा दिवस गेले. तो आता घराच्या मागे खड्ड्यात भिजत घातलाय. बाबा रोज संध्याकाळी जाऊन काठीनं ढवळून बघतात आणि अजून मुरला नाही म्हणतात.